निक्कोरची तक्रार

"ही घ्या तुमची निक्कोर लेन्स," मी दारातूनच म्हणालो. "आणि एक उपकार करा. ही काच पुन्हा कुणाच्या गळ्यात मारू नका."

सलोमी ओहोळ यांनी मान वर केली. भिंगारमधल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत त्या पाटावर बसून करंज्या लाटत होत्या. नाताळ चार दिवसांवर आला होता. त्यांचे हात कोपरापर्यंत मैद्याने पांढरे झाले होते.

"आधी आत ये," त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढ. फरशी आत्ताच पुसलीय."

मी चपला काढल्या. भांडायला आलेल्या माणसाला असं काही सांगितलं की त्याचा निम्मा जोर जातो. माझाही गेला. मग उरलेला सगळा एकवटून मी झोळीतून कॅमेरा काढला आणि त्यांच्या टेबलावर जरा जोरातच ठेवला.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालचा डिसेंबर होता. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि नगरच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. फोटोग्राफीचं वेड होतं. शाळेचा कॅमेरा गॅदरिंगपुरता हातात यायचा, त्यावर भागत नव्हतं म्हणून मी एक जुना जपानी रेंजफाइंडर कॅमेरा मिळवला होता. त्याला लेन्स नव्हती. गावातल्या फोटो क्लबात कुणीतरी म्हणालं, "ओहोळ सिस्टरकडे जा. त्यांच्याकडे खजिना आहे."

खजिनाच होता. सिस्टरांचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. कोबे, योकोहामा असल्या बंदरांतून तो बहिणीसाठी कॅमेरे आणि लेन्सा आणायचा. तो गेला, पण काचेच्या कपाटात अकरा कॅमेरे आणि सात लेन्सा ओळीने उभ्या होत्या. त्यांतली एक, पाच सेंटिमीटरची निक्कोर, त्यांनी सप्टेंबरात मला विकत दिली होती. पितळेची, वर क्रोमचा मुलामा, मुठीत घेतली की पावशेराच्या वजनासारखी भरीव. उजेडात तिरकी धरली की काचेवर जांभळी झाक यायची. पुढच्या कड्यावर 'निप्पॉन कोगाकू, जपान' अशी बारीक कोरीव अक्षरं होती. देताना सिस्टर म्हणाल्या होत्या, "कपाटात ठेवणार असशील तर देत नाही. वापरणार असशील तर ने."

मी वापरली. आणि तिथूनच सगळं बिनसलं.

"काय झालं ते नीट सांग," सिस्टर हात पुसत म्हणाल्या.

"काय व्हायचंय? फोकस बसत नाही. पुण्याच्या साप्ताहिकाने घोंगडी विणणाऱ्यांवर चार पानं द्यायची कबूल केली होती. माझं पहिलंच मोठं काम. पाच रोल मारले. परवा सगळे फोटो परत आले. सोबत एका ओळीची चिठ्ठी. 'छायाचित्रे अस्पष्ट असल्याने स्वीकारता येत नाहीत.' पाच रोल, सिस्टर! एकाही माणसाचा डोळा धारदार नाही. कुणाचा कान धारदार, कुणाच्या मागची भिंत."

"हं."

"आणि आत घाण आहे. बुरशी असेल. कॅमेरा डोळ्याला लावला की काळे ठिपके तरंगताना दिसतात. विकताना तुम्ही पुसून चकचकीत करून दिलीत."

पोळपाटावर अर्धवट लाटलेली पारी होती. तिच्याकडे न बघताच त्यांनी तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि त्या उठल्या.

"ठिपके कुठे दिसतात?"

"लेन्समध्ये."

"मुकुंद, हा कॅमेरा लेन्समधून बघतो का?"

शाळेच्या कॅमेऱ्यात लेन्समधून येणारं चित्रच डोळ्याला दिसायचं. या कॅमेऱ्यात तसं नसतं. बघायची खिडकी वेगळी, वरच्या कोपऱ्यात. लेन्स काढून ठेवली तरी त्या खिडकीतून जग तसंच्या तसं दिसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रागाच्या भरात इतका साधा विचार केला नव्हता, इतकंच.

"मग खिडकीच्या काचेवर धूळ असेल," मी म्हणालो.

"काचेवरची धूळ तरंगते?"

त्यांनी टेबलावरून कॅमेरा उचलला, निक्कोर खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि दोन्ही बाजूंनी बराच वेळ निरखली. मग कपाटाच्या मागून लाकडी ट्रायपॉड ओढून काढला.

"पाच मिनिटं थांब. लेन्समध्ये दोष असेल तर मी परत घेईन आणि क्लबात येऊन चारचौघांत तुझी माफी मागेन. चालेल?"

क्लबाचं नाव मला नको होतं. कारण दहा-बारा दिवसांपूर्वी क्लबाच्या बैठकीत मी उभा राहून बोललो होतो. फोटो तेव्हा अजून परत आलेले नव्हते, पण निगेटिव्हवर भिंग ठेवून मी स्वतःच पाहिलं होतं. 'ओहोळबाई खराब माल पॉलिश करून विकतात,' हे माझे शब्द. कापड बाजारातले गुंदेचाशेठ समोरच बसले होते. सिस्टरांचा सगळा संग्रह ते एकत्र घेणार होते. नव्या इमारतीत काचेची कपाटं करून तो कायमचा मांडून ठेवायचा, असं ठरलं होतं. सिस्टर फेब्रुवारीत भाचीकडे सोलापूरला राहायला जाणार होत्या आणि तिथे एका ट्रंकेपलीकडे काही नेण्याजोगी जागा नव्हती. माझं ऐकून गुंदेचाशेठ नुसते "असं होय" म्हणाले होते. पण त्यांचा चेहरा मी पाहिला होता.

"चालेल," मी म्हणालो.

त्यांनी कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या खिडकीकडे वळवला. खिडकीला जुन्या पद्धतीचे उभे लोखंडी गज होते. मग कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून, जिथे फिल्म असते तिथे ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटवला आणि शटर उघडं ठेवलं. आता लेन्समधून येणारं चित्र त्या कागदावर उलटं उमटत होतं.

"आता मी फोकस करते," त्या म्हणाल्या. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून त्यांनी लेन्सची कडी हळूहळू फिरवली. रेंजफाइंडरमध्ये मधोमध एक पिवळसर चौकोन असतो. त्यात वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. कडी फिरवून त्या एकमेकींवर अचूक बसवल्या की फोकस झाला. "हं. बघ आता कागदावर."

मी भिंग घेऊन बघितलं. मधल्या गजाची कड वस्तऱ्यासारखी होती. गजावरच्या रंगाचा एक पोपडा निघाला होता, तोसुद्धा मोजून घ्यावा इतका स्वच्छ.

"आता कडी विस्कटते. तू कर."

मी उजवा डोळा लावला. दोन गज एकमेकांवर बसवायला बराच वेळ लागला. बसल्यासारखे वाटले की वरचा भाग सुटायचा. शेवटी एकदाचं जमलं असं वाटलं.

"झालं?"

"झालं."

कागदावर गज धुक्यात उभा होता.

"बघितलंत?" मी म्हणालो. "हेच ते!"

सिस्टरांनी पुन्हा कडी विस्कटली. "आता डावा डोळा लाव."

"मी कायम उजवाच लावतो."

"आज डावा लाव."

डाव्या डोळ्याने दोन गज झटक्यात एक झाले. मी कागदाकडे वळलो. पोपडा दिसत होता.

कढईखाली स्टोव्ह पेटलेला होता. सिस्टरांनी जाऊन तो बंद केला आणि परत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कॅमेरा सोड. इथून त्या खिडकीकडे बघ. डावा डोळा हाताने झाक. नीट झाक. आता सांग, गज कसे दिसतात?"

"दिसतात की."

"सरळ आहेत?"

"बाजूचे आहेत. मधला..." मी थांबलो. "मधला गज वाकलाय."

"हात काढ."

मी हात काढला. मधला गज सरळ होता. पुन्हा डावा डोळा झाकला. तो वाकला. पाण्यात काठी बुडवल्यावर वाकते तसा. आणि वरच्या बाजूला, खिडकीच्या चौकटीवर, पूर्वी कधी न जाणवलेली एक काळपट सावली होती, पडदा अर्धवट खाली सोडल्यासारखी.

"सिस्टर, वर हे काळं काय आहे?"

त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून मला खुर्चीत बसवलं. आवाज एकदम बदलला होता. "मान हलवू नकोस. मी विचारते त्याची उत्तरं दे. डोळ्यात वीज चमकल्यासारखं कधी झालं होतं?"

"दिवाळीच्या आधी. काळोखात, कडेला. मला वाटलं जागरणामुळे."

"ठिपके वह्या तपासतानाही दिसतात?"

"पांढऱ्या कागदावर... हो. कधीकधी."

"चष्म्याचा नंबर?"

"मोठा आहे. उणे आठ."

"काही खाऊ-पिऊ नकोस. मी फोन करून येते."

शेजारच्या दुकानातून त्या दहा मिनिटांत परत आल्या. आतल्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा अंगावरचा मैदा झटकून दुसरी साडी नेसलेली होती, खांद्यावर शाल होती आणि हातात कापडी पिशवी. करंज्यांचं पातेलं शेजारणीच्या हवाली झालं होतं.

"चल. पुण्याला."

"आज? शाळेत अर्ज..."

"शाळेला निरोप गेलाय. डोळ्याच्या आतला पडदा सुटत चाललाय तुझ्या. मी एकतीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात काढली, मुकुंद. मी डॉक्टर नाही, चुकले तर मला आनंदच होईल. पण उद्यापर्यंत थांबायचं नाही."

सगळं नगर त्यांना सिस्टर म्हणायचं. कुठल्या वॉर्डातल्या सिस्टर, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

एसटीत त्यांनी मला खिडकीपासून दूर बसवलं. शालीची घडी करून माझ्या मानेमागे दिली आणि पुण्यापर्यंत जवळजवळ तीन तास एक हात माझ्या कपाळावर धरून ठेवला, गाडीचे हादरे डोक्याला बसू नयेत म्हणून. शिरूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी तो हात काढून दुसरा ठेवला. तेवढाच काय तो बदल. समोरच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "मुलगा का?" सिस्टर म्हणाल्या, "आजारी आहे."

मी मात्र घाबरून गेलो होतो. मिरजगावला आई एकटी, थोरला भाऊ बांधकामावर गुजरातेत. चित्रं काढणाऱ्या माणसाने डोळा गेल्यावर काय करायचं? मी दोनदा विचारलं, "जाईल का हो डोळा?" दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "आपण वेळेत निघालोय." डोळा जाणार नाही, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

सिस्टरांनी ज्यांना फोन केला होता ते डोळ्यांचे डॉक्टर सबनीस त्यांच्या हाताखाली शिकल्यासारखेच त्यांच्याशी वागत होते. त्यांनी डोळ्यात थेंब घालून, डोक्याला दिवा बांधून बराच वेळ तपासलं आणि माझ्याशी नाही, सिस्टरांशी बोलले.

"खालून सुटत वर आलाय. मधल्या भागाच्या कडेला टेकलाय. तो मध्य सुटला असता तर पडदा बसवूनही वाचण्याची नजर पूर्ण परत आली नसती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी ऑपरेशन. अजून दोन-तीन दिवस थांबला असतात, तर मी तुम्हाला फार काही देऊ शकलो नसतो. एक डोळा झाकल्याशिवाय हे कळत नाही, दुसरा डोळा सांभाळून घेतो. तुमच्या कसं लक्षात आलं?"

"लेन्सची तक्रार घेऊन आला होता," सिस्टर म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. त्या काळी दोन्ही डोळे बांधून ठेवत. उशीला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या, कूस बदलायची नाही. दिवस आणि रात्र मला फक्त आवाजांनी कळायचे. फिनेलचा वास, ट्रॉलीची चाकं, आणि कधीही हाक मारली तरी डाव्या बाजूने येणारं, "आहे. काय हवंय?"

आईला कळवायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, डोळे उघडेपर्यंत नको. भावाला मात्र तार गेली. मग त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. जवळच पिशवी ठेवून त्या राहिल्या. कुठे झोपत होत्या, ते मला दिसत नव्हतं.

एका सकाळी वॉर्डात नेहमीपेक्षा जास्त गडबड ऐकू आली. कुणीतरी लहान मुलं घोळक्याने गात गेली. एक तरुण नर्स जवळ येऊन म्हणाली, "हॅपी ख्रिसमस, सिस्टर. केक आणलाय तुमच्यासाठी."

ती गेल्यावर मी म्हणालो, "सिस्टर, आज नाताळ?"

"हो. रविवार."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

"तुला पेज भरवतेय. तोंड उघड."

मी तोंड उघडलं. पेज गिळली. पट्टीखालच्या काळोखात मला त्यांची खोली दिसली, फडक्याखाली वाळत गेलेली पारी दिसली. त्यांची भाची नाताळला सोलापूरहून येणार होती, हे त्या लेन्स देताना बोलल्या होत्या. ती बंद दाराशी आली असेल का?

"सिस्टर, मला काहीतरी सांगायचंय."

"सांग."

"मी क्लबात तुमच्याबद्दल वाईट बोललो. तुम्ही खराब माल पॉलिश करून विकता, असं म्हणालो. गुंदेचाशेठसमोर. मला वाटतं ते आता तुमचा संग्रह..."

"घेणार नाहीत. माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"त्यांचं पत्र आलं होतं. तेरा तारखेला."

मी मनातल्या मनात दिवस मोजले. मी त्यांच्या दारात गेलो तो बुधवार एकवीस तारखेचा होता.

"त्यात माझं नाव होतं?"

"होतं. व्यवस्थित माणूस आहे, कारण लिहिल्याशिवाय नकार देत नाही. उघड तोंड."

चमचा आला. आधीच्या चमच्यांइतकाच संथ, तितकाच भरलेला. मला गिळवेना. पट्टीखाली डोळे चुरचुरायला लागले.

"रडायचं नाही," त्या लगेच म्हणाल्या. "डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय. टाके आहेत तिथे. रडायचं असेल तर दोन महिन्यांनी सोलापूरला येऊन रड."

मग मी हसलो, तर म्हणाल्या, "हसायचंही नाही."

सोमवारी पट्ट्या निघाल्या. आधी डावा डोळा मोकळा झाला. पलंगाशेजारी एक अरुंद बाक होतं, त्यावर घडी केलेली शाल होती. पाच दिवस त्या त्याच्यावर झोपल्या होत्या. मग डॉक्टरांनी उजव्यावरची पट्टी सोडली. सगळं लालसर, सुजलेलं, पाण्यातून बघावं तसं. पण वरची सावली गेली होती. त्या धूसर पाण्यात पांढऱ्या साडीतली एक उंच आकृती उभी होती आणि डॉक्टरांच्या आधी तीच विचारत होती, "किती बोटं?"

"तीन," मी म्हणालो. बरोबर होतं.

मंगळवारी भाऊ आला. सिस्टर दुपारच्या गाडीने नगरला गेल्या. जाताना भावाला औषधांची वेळापत्रकं समजावली आणि मला म्हणाल्या, "जड उचलायचं नाही. निक्कोर माझ्याकडे आहे, घेऊन जा नंतर."

जानेवारीच्या शेवटी मला फिरायला परवानगी मिळाली. मी पहिल्यांदा कापड बाजारात गेलो. गुंदेचाशेठ गादीवर बसले होते, समोर दोन गिऱ्हाइकं होती. मी गिऱ्हाइकं जाण्याची वाट पाहिली नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. लेन्स, ट्रेसिंग पेपर, एसटी, नाताळ, त्यांचं पत्र. शेठ ऐकत राहिले. गिऱ्हाइकंही.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "तुमचं एकट्याचं ऐकून मी पत्र लिहिलं. लेन्स हातात घेऊन बघायला हवी होती. बाईंना आधी विचारायला हवं होतं. चूक तुमची आहेच, पण पत्रावर सही माझी आहे." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "चला."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी भिंगारला गेलो. सिस्टरांनी निम्मं सामान बांधलं होतं. शेठनी दारातच हात जोडले. म्हणाले, "बाई, मला क्षमा करा. कॅमेरे अजून द्यायचे असतील तर न्यायला आलोय. नसतील तर नुसता माफी मागायला आलोय."

सिस्टर म्हणाल्या, "दोन्ही आत येऊन बोला. उन्हात कशाला?"

संग्रह त्यांच्याकडे गेला. आजही नगरमध्ये तो त्यांच्या नातवाच्या ताब्यात, नीट, काचेआड आहे. प्रत्येक कॅमेऱ्याखाली 'सलोमी ओहोळ यांच्याकडून' अशी पट्टी आहे. ती अट सिस्टरांची नव्हती, शेठची होती. निक्कोर माझ्याकडे राहिली. तिने मी घोंगडीवाल्यांचे फोटो पुन्हा काढले आणि ते छापून आले. पुढची सव्वीस वर्षं शाळेत शिकवता शिकवता मी त्याच लेन्सने जे काही काढलं, ते काढलं. हल्ली संग्राहकांचे फोन येतात, परदेशातूनही. देणार का विचारतात. उजव्या डोळ्याने मला अजून वर्तमानपत्र वाचता येतं. सिस्टर दोन हजार सहा साली सोलापुरात गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी तिथेच होतो. त्यांना पेज भरवायला त्यांची भाची मला देत असे.

पण त्या दिवशी भिंगारला, शेठ कपाटातला एकेक कॅमेरा हातात घेऊन बघत होते तेव्हा, मी सिस्टरांना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. त्या चहा गाळत होत्या.

"एक विचारू?"

"विचार."

"तुमच्याकडे पत्र आलेलं होतं. मी काय बोललो ते तुम्हाला ठाऊक होतं. वर मी दारात येऊन पुन्हा वाटेल ते बोललो. तुम्ही मला हाकलून का नाही दिलं?"

त्यांनी गाळणं झटकलं आणि बशीत ठेवलं.

"हाकलणार होते," त्या म्हणाल्या. "आठ दिवस ठरवून ठेवलं होतं काय काय बोलायचं ते. तू दारात आलास आणि ओरडायला लागलास. पण ओरडताना सारखा उजवा डोळा बारीक करत होतास. मग भांडायला वेळ कुठे होता?"